बाटलेले बी

निमोण्याच्या रंगुबाई आयुष्यभर लाल कांद्याचे बी स्वतःच धरीत आल्या आहेत. सासूबाईंनी मूठभर दिलेले ते बी त्यांनी देवापुढच्या समईसारखे जपले. निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे आले की मधमाश्यांची वाट पाहायची, आणि वैशाखात वाळले गोंडे चोळून काळे दाणे पाखडायचे. शेजारचे शेतकरी ते बी केवळ रंगुबाईंच्या शब्दावर नेतात.

यंदा त्या लेकीच्या बाळंतपणासाठी दौंडला असताना त्यांच्या सुनेने, सुलक्षणाने, हौसेने बांधापलीकडे पांढरा कांदा बियासाठी लावला. सुलक्षणा शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत वाढलेली. कारखान्यात रंगुबाईंच्या मुलाशी, ज्ञानेशशी, ओळख झाली, आणि परजातीतली असूनही ती या घराची सून झाली. मधमाशी बांध मानीत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. रंगुबाई परतल्या तेव्हा दोन्हीकडचे गोंडे भरून आले होते.

अशा, परागांची सरमिसळ झालेल्या बियाला त्या शिवारात एकच शब्द आहे: बाटलेले. लग्नाच्या दिवशी भावकीने तोच सुलक्षणाच्या तोंडावर फेकला होता. ‘घर बाटवलं!’ याच्याच जवळचा संस्कृत शब्द ‘भ्रंश’ म्हणजे स्थानावरून ढळणे. त्यात ढळणाऱ्याविषयी थोडी करुणा तरी आहे. ‘बाटवणे’ म्हणताना मात्र बोट दाखवणाराच आधी पुढे येतो. त्या दिवसापासून रंगुबाईंनी हा शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता.

एके सकाळी रंगुबाई ओसरीवर सुपात बी पाखडत असताना भावकीतले मारुतराव पिशवी घेऊन येऊन टेकले. सुलक्षणाने पाण्याचा तांब्या आणला.

“वहिनी, बी द्या. औंदा म्या वाफं वाढवल्यात.”

“औंदा बी न्हाई, आप्पा.”

“न्हाई कसं? सुपात काय मोहरी हाय व्हय?”

“जरा मिसळ झालीया.”

“मिसळ हाटेलात खाऊ, वहिनी. बियाचं बोला.”

रंगुबाईंनी सुपातले दाणे उगाच चाळवले. खरे लपवावे तर साऱ्या गावाचा विश्वास मोडतो, सांगावे तर सुनेची जखम उघडी पडते.

सुलक्षणाने तांब्या खाली ठेवला. “आप्पा, बी बाटलंय. माझ्या पांढऱ्या कांद्यानं. आईंची चूक नाही.” मग ती सासूकडे वळली. “म्हणा, आई. बियालाच तर म्हणायचंय.”

मारुतरावांनी मान खाली घातली. लग्नात सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता.

“बाटलंय, आप्पा,” रंगुबाई सावकाश म्हणाल्या. “बी बाटलंय.”

“व्हय,” मारुतराव पुटपुटले. “बीच. दुसरं काय न्हाई.” पिशवीची घडी करीत ते सुनेला म्हणाले, “आता काय करशील गं, पोरी?”

उत्तर रंगुबाईंनी दिले. “पेरणार. कांदं निघालं की लालभडक तेवढं निवडायचं, पुन्यांदा लावायचं. वर्सं लागत्याल.” त्यांनी सूप सुलक्षणाच्या मांडीवर ठेवले. “निवडणार ही. आन् गोंडं कुठं धरायचं, त्ये आधी इचारणार.”

“विचारीन की,” सुलक्षणा हसली, आणि दाणे पाखडू लागली.