बबलीची डाकूगिरी

हिंगणी सोडली त्या दिवशी मेटॅडोरमध्ये मागे आई, मी, धाकटी बबली आणि संसार. पुढे ड्रायव्हरशेजारी बाबा. त्यांना वर्ध्याच्या एका कचेरीत बाबूची नोकरी लागली होती, म्हणून शेत काकाच्या हवाली करून आम्ही शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत भाड्याने राहायला निघालो होतो. वाटेत सेलू आलं आणि सामानातला कूलर ओरडू लागला. उघडून पाहिलं, तर आत बबलीने लपवलेलं बकरीचं पिल्लू.

"काऊन वं, शहरात का बकरी नेतेत?" बाबा कडाडले. गावाकडे परतणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती पिल्लू दिलं. पिपरीत उतरताच घरमालकाच्या पोराने बबलीला नाव विचारलं, तर ती त्याला चावली.

हिंगणीत हरभऱ्यात शिरलेल्या वानरांना तिने दगड मारला की माणसं म्हणत, "नेम पाहा पोरीचा!" कॉलनीत त्याच नेमाने ट्यूबलाइट फुटली. गावात कुणाच्याही झाडाचं बोर खाल्लं तर खाल्लं. इथे पेरू तोडला की चोरी. हा फरक तिला कोणी सांगितला नाही. आई मारायची, बाबा ओरडायचे, कॉलनीतल्या बाया 'डाकू' म्हणायच्या. बबलीला ते नाव आवडलं. नवीन गावात बाबांनंतर हुद्दा मिळालेली ती दुसरीच. मग हुद्द्याला शोभेल असं काम करणं आलंच. मोठ्या वर्गातली दोन टवाळ पोरं तिला येऊन मिळाली आणि गाड्यांच्या चाकांतली हवा जाऊ लागली.

शेवटी शाळेने बाबांना बोलावलं. घरी येऊन त्यांनी माळ्यावरची सुटकेस काढली. "हॉस्टेलात टाकतो हिले." बबली तोंड वर करून उभी राहिली. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडली. मी दाराबाहेर उभी होते, पण आत जायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या सकाळी समोरच्या मेश्राम बाई दारात. त्या शिक्षिका, आणि त्यांच्या स्कूटीची दोन्ही चाकं बसलेली. आईने पाहुण्यांना पाणी द्यावं तशी आधी काठी आणली.

"ते ठेवा," बाई म्हणाल्या. "बबली, पंप मारता येते का तुले?"

अख्खी कॉलनी गॅलरीत आली. बबलीने घाम गाळत पंप मारला.

"उद्याही येजो. मागचं चाक रोजच बसते."

"मागचं मी नाई सोडलं!" बबली उसळली.

"मले माहीत आहे," बाई म्हणाल्या. "ते पंक्चर आहे."

पिपरीत आल्यापासून बबलीचं कोणी पहिल्यांदाच खरं मानलं होतं. ती रोज जाऊ लागली. एकदम गाय झाली असं नाही. त्याच आठवड्यात तिने एक काच फोडली. पण या वेळी स्वतः येऊन सांगितलं. हॉस्टेल टळलं, पण सुटकेस माळ्यावर गेली नाही, बाबांनी ती बरेच महिने हाताशीच ठेवली.

आता मी पुण्यात, मोठ्या सोसायटीत. मागच्या महिन्यात माझा मुलगा ईशान गार्डनमध्ये शेजारच्या मुलाला चावला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'बिहेवियर', 'काउन्सेलर', 'स्क्रीन टाइम' असा पाऊस पडला. मी घाबरून बबलीला फोन केला. ती आता पिपरीच्या कॉलनी समितीची सचिव आहे आणि पोरांची फार तक्रार करते.

"चावला? पण काऊन?"

का चावला, हे मी विचारलंच नव्हतं. ग्रुपवरही कोणी नाही. ईशानला जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाला, "मी घरी बोलतो तसं 'मले बॉल दे' म्हटलं, तर तो हसला. सगळे हसले."

संध्याकाळी शेजारी माफी मागायला गेलो. ईशान म्हणाला, "सॉरी. पण हसू नको." तो मुलगाही सॉरी म्हणाला, आणि दोघं बॉल घेऊन पळाले.

पूर्वी कोणी घर विचारलं की मी हिंगणी सांगायचे, नंतर पिपरी. आता वाटतं, जिथे फटका मारायच्या आधी कोणी 'काऊन?' विचारते, ते घर. आमच्या फ्लॅटमध्ये हे दिवसभर चालू असते. बहुतेक वेळा विचारणारा ईशान असतो.