शुक्रवारचा विषय

मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी मी मुंबईतल्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून भिवंडीच्या घरी फोन लावला. नानांनी, म्हणजे वडिलांनी, उचलला. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या घराची एक भिंत आणि शेजारच्या हनीफचाचांच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत एकच आहे. त्यामुळे घरचा फोन लागला की आधी लूमची खडखड ऐकू येते, मग माणसाचा आवाज. त्या दुपारी मागे काहीच नव्हतं. लूम फक्त शुक्रवारी बंद असतात, आणि वार तर मंगळवार होता...

"कधी?" मी विचारलं.

"आत्ताच. तुझा फोन लागेना," नाना म्हणाले. "चाचांनी कारखाना बंद केलाय."

माझी मोठी बहीण मीनाक्षी, म्हणजे आमची ताई, भिवंडीतल्याच एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत असे. पोटाच्या कर्करोगानं ती गेली तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. आता दीड महिना होत आला.

ताई बारावीला होती ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि मुंबईतल्या सरकारी मेडिकल कॉलेजातच जायचं होतं. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीचे मार्क लागत. गणित सोडून एखादा हलका विषय घेण्याची मुभा होती आणि ताईला ती घ्यायची होती. पण आमच्याकडे हुशार मुलानं दोन्ही ग्रुप ठेवायचे, असा रिवाजच होता. गणितही आणि बायोलॉजीही. नाना नगरपालिकेत कारकून. ते म्हणाले, "मेडिकलला नंबर नाही लागला तर इंजिनीअरिंग, तेही नाही तर बँक. गणित असलेलं बरं." मामांनी तेच सांगितलं, शाळेच्या हेडमास्तरांनी तेच. आई आमच्या लहानपणीच गेली होती. ताईच्या बाजूनं बोलायला घरात कुणी नव्हतं. तिनं दोन्ही ग्रुप ठेवले.

मग तिनं वर्षाची आखणी केली, ती लूमच्या आवाजावरून. भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालत. त्या खडखडीत गणितं सोडवता येत. त्याला आवाज लागत नाही. बायोलॉजी मात्र तिला मोठ्यानं वाचल्याशिवाय लक्षात राहत नसे, आणि लूम चालू असताना स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे. म्हणून आठवडाभर गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. आणि शुक्रवारी, कारखाना शांत झाला की, खिडकीशी बसून बायोलॉजी. समोर मला बसवी आणि माझं लक्ष उडालं की पट्टीनं टोची. "तू ऐकतोयस असं नुसतं दाखव, मला पुरे." हनीफचाचा खिडकीखालून जाताना ओरडत, "ए डॉक्टरीण, आज जुम्मा हाय. मशीनला पण सुट्टी देतो मी. तू कधी घेणार?"

निकाल लागला तेव्हा गणितात ती कॉलेजात पहिली होती. बायोलॉजीत थोडक्यात कमी पडली, आणि तेवढ्यावरच मेडिकलची यादी संपली. नानांनी पेढे आणले. ताईनं एक खाल्ला, उरलेले चाचांच्या कारीगरांना वाटून आली आणि दुपारभर झोपून राहिली. इंजिनीअरिंगला ती गेली नाही. बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं आणि शिकवायला लागली. नानांना तिनं कधी बोल लावला नाही. एकदाच मला म्हणाली होती, "गणितानं मला पगार दिला रे... पण माझा शुक्रवार बायोलॉजीचा होता."

पुढे दरवर्षी दहावीचा निकाल लागला की विषय ठरवायला आईबाप मुलांना घेऊन आमच्या घरी येत. सगळे विचारत, काय घ्यायचं. ताई विचारी, काय सोडायचं. दोन वर्षांपूर्वी चाचा शाहीनला, आपल्या धाकट्या मुलीला, घेऊन आले. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

"दोन्ही ग्रुप राहू दे ना, मीना," चाचा म्हणाले. "सेफ असतं. सगळे तेच बोलतात."

"चाचा, एका कारीगराला किती लूम देता?"

"चार."

"आठ द्या की. जास्त कापड निघेल."

"पागल झाली काय? सुताची तार तुटली तर त्याला दिसणार कशी? सगळा माल खराब..." चाचा थांबले. मग शाहीनकडे वळून म्हणाले, "बघ, हिच्याशी बोलायला येऊ नये माणसानं. सोड तुझं गणित."

नाना आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते वळून आत गेले.

अशा रीतीनं ताईनं शाहीनला आपलाच विषय सोडायला लावला. वर्गात शाहीन तिची विद्यार्थिनी उरली नाही; पण दर शुक्रवारी बायोलॉजीचं पुस्तक घेऊन घरी यायची. रोज लूमच्या आवाजात आकृत्या काढायच्या आणि शुक्रवारी मोठ्यानं वाचायचं, ही आखणी ताईचीच. पहिल्या वर्षी ताई खुर्चीत बसून ऐके. दुसऱ्या वर्षी, आजार कळल्यावर, पलंगावर पडून. डोळे मिटलेले असत. झोप लागली असं वाटून शाहीन थांबली की ताई म्हणे, "पुढे." शेवटच्या महिन्यात याखेरीज ती फारसं बोलत नसे. शाहीनचा निकाल आपल्याला कळणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तसं तिनं मला सांगितलंही, अगदी साध्या आवाजात.

निकाल अजून लागायचा आहे.

ताई गेली त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी घरीच होतो. लूम बंद होते. ताईच्या पलंगावरची गादी काढून टाकली होती, नुसत्या फळ्या दिसत होत्या. शाहीनचा बायोलॉजीचा पेपर सोमवारी होता. ती येईल असं वाटलं नव्हतं, पण आली. दारात चप्पल काढून उभी राहिली. नानांनी मानेनंच बस म्हटलं. ती पलंगासमोर नेहमीच्या जागी बसली, पुस्तक उघडलं आणि वाचू लागली. हृदयाचे कप्पे, झडपा, रक्त कुठून येतं, कुठे जातं... पानाच्या मध्यावर ती थांबली. तिनं फळ्यांकडे पाहिलं. घरात आणि भिंतीपलीकडे कसलाच आवाज नव्हता.

नानांनी उभ्या आयुष्यात बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही. ते भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटून.

"पुढे," नाना म्हणाले.