आई कुठं जाते

लहानपणी मला चेडा लागला होता, असं आमच्या गावातली जुनी माणसं अजून सांगतात. चेडा म्हणजे शेताच्या बांधावरचा राखणदार. मर्जी असेल तर पीक सांभाळतो, नसेल तर माणसाला धरतो. भातात दाणा भरायला लागला की पाखरं हाकायला मला बांधावर बसवायचे, हातात पत्र्याचा डबा आणि काठी देऊन. पाखरं यायची, पोटभर खायची, निघून जायची. डबा वाजवायचं माझ्या लक्षातच राहायचं नाही.

कारण मी पाईपात असायचे. भिवपुरीच्या वीजघराकडं डोंगरावरून जाडजूड पाईप उतरतात, ते आमच्या शेतातून दिसायचे. त्यांत पाणी असतं असं शाळेत सांगितलं होतं, पण मला ते काही पटलं नव्हतं. माझ्या मते आत एक गाव होतं आणि ते सगळंच्या सगळं उतरतं होतं. तिथल्या बायका भाताच्या टोपाखाली एका बाजूनं दगड लावायच्या, तान्ह्या पोरांना झोपताना दोरीनं बांधायच्या. लग्नाची वरात खालून वर निघाली की वाजंत्र्यांना दम लागायचा आणि नवरीला अर्ध्या वाटेत मुकाट्यानं उभं राहावं लागायचं. मी तिथं कुणाचीच कुणी नव्हते. नुसती बघत बसायचे.

एकदा आईनं जवळ येऊन मला खांद्याला धरून हलवलं तरी मला कळलं नाही. मग घरात चर्चा झाली आणि चुलतीनं निकाल देऊन टाकला, "पोरीला बाहेरचं लागलंय." दुसऱ्या दिवशी आई मला भगताकडं घेऊन गेली. भगतानं सुपात तांदूळ टाकून पाहिले, पुसले, परत टाकले आणि "बांधावरचाच हाय" म्हणून सांगितलं. एक नारळ आणि एक कोंबडी द्यायची ठरली. नारळ बांधावर फुटला, कोंबडी भगताच्या घरी शिजली. चेड्याच्या वाट्याला पिसं आली असतील. मी मात्र खूश होते, कारण धरणारा दुसराच कुणीतरी निघाला म्हटल्यावर मला बोलणी बसायचं कारणच उरलं नव्हतं.

परत येताना आई वाटेत एवढंच बोलली, "हात चालू ठेव गं. हात चालू असला ना, मंग कोन काय बोलत नाय."

मला वाटलं, ही मला कामाला जुंपतेय. आईच्या तोंडी कामाशिवाय दुसरा विषय नसायचाच. पण सल्ला नामी निघाला. मोड आलेले वाल सोलायला बसलं की बोटं आपोआप सालं काढतात आणि आपण कुठंही जाऊन यावं. घरातले म्हणायला लागले, उतारा लागू पडला, पोरगी सुधारली.

पुढं पाईपातलं गाव ओस पडलं. चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर मी वीजघराच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेले, म्हणजे अर्थात मनातल्या मनात. तिथं खिडक्यांना पडदे होते, घरात नळ होता, आणि माझा नवरा संध्याकाळी इस्त्रीच्या शर्टात घरी यायचा. खरा नवरा मिळाला तो चौक गावात हायवेवर गॅरेज असलेला, आणि त्याच्या शर्टाबद्दल काही न बोललेलं बरं. माणूस चांगला आहे. मी गॅसवर दूध ठेवून खिडकीशी उभी राहिले की तो आतल्या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मॅडम दौऱ्यावर गेल्या. दूध बघा रं कोनतरी."

खालापूरला एका सरकारी कचेरीत मी नोकरी करते. कागदांवर शिक्के मारायचं काम बरंच असतं, म्हणजे माझ्या दृष्टीनं वाल सोलण्यासारखंच. समोर उभ्या असलेल्या माणसाचं घर मी रचत असते. त्याच्या ओट्यावर कोण बसलंय, त्याची सून सासूशी का बोलत नाही, वगैरे. साहेबांना मी फार मन लावून काम करणारी वाटते. कल्पनाशक्ती असलेली मुलं मोठेपणी नाव काढतात, असं शाळेत सांगायचे. मी वरिष्ठ लिपिक झाले. इतक्या वर्षांच्या भटकंतीतून एक गोष्टसुद्धा लिहून झाली नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

वाईट वाटायला लागलं ते आईमुळं. भाऊ गावच्या घरात आईबरोबर राहतो. गेल्या पावसाळ्यात त्यानं सांगितलं, "आईचं काय खरं नाय." ती ओटीवर बसून राहते. मांडीवर वालाचं ताट असतं आणि हात त्यात तसाच पडलेला असतो. हाक मारली तर ओ देत नाही, आणि मग बऱ्याच वेळानं एकदम "काय?" म्हणते. पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं असं त्याचं म्हणणं होतं.

मी आडवी आले. म्हटलं, "म्हातारी झाली, विचारात असते. सगळीच माणसं असतात."

"तू तुझ्यावरनं सांगू नको," भाऊ म्हणाला.

पण मी माझ्यावरूनच सांगत होते. आई कुठंतरी जात असेल तर माझी काही हरकत नव्हती. उलट मला आनंद झाला असता, की या बाईला भात आणि भाकऱ्यांपलीकडं काहीतरी आहे. ती कुठंच जात नसेल, याची मात्र मला भीती वाटत होती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि मी भावाला आज-उद्या करत थोपवत राहिले.

मग एका रविवारी दुपारी गावी गेले आणि ओटीवर आईशेजारी बसले. तिची नजर समोरच्या अंगणात होती, पण कशावरच नव्हती. मी तिला हलवलं नाही. ती आपणहून परत येईपर्यंत थांबले. मग विचारलं, "कुठं गेलेलीस गं आई?"

असला प्रश्न ऐकून कुणीही दचकलं असतं. आई दचकली नाही.

"कुटं नाय गं," ती म्हणाली. "पयलं जायाची. लगीन झाल्यावर तर रोज जायाची, भात लावताना, भाकऱ्या थापताना. माजं एक घर व्हतं तिकडं, खाडीच्या काठाला. मोप मानसं व्हती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता डोळं लावून बसते, पन काय येत नाय. घराचं दार कुटल्या अंगाला व्हतं, त्ये पन सापडत नाय."

इतकी वर्षं आम्ही दोघी शेजारी बसून वाल सोलले आणि दोघीही तिथं नव्हतो.

"तुला दिसतं का अजून?" तिनं विचारलं.

"दिसतं."

"मंग बरं हाय."

मला रडू आलं. ते तिला दिसू नये म्हणून मी उठले आणि मागच्या परसात गेले. भाऊ तिथं लाकडं रचत होता. मी म्हटलं, "उद्याच पनवेलला नेऊ तिला."

त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "का? काय बोलली?"

"घराचं दार सापडत नाय म्हनते."

"आपल्या घराचं?" तो घाबरून म्हणाला.

"नाय रं," मी म्हटलं, "तिच्या."