नको म्हणणारा पाहुणा

“‘आनखी ऱ्हायचं का,’ असं इचारलं त्यानं?”

“व्हय. समद्यांदेखत.”

“मग तू काय म्हनलास?”

“नको सायब म्हनलं. निगतो उद्याच्याला.”

सावित्रीबाईनं कपाळाला हात लावला. बार्शीकडून आलेला तिचा थोरला भाऊ अंबाजी अर्धवट विणलेल्या बाजेच्या कडेवर बसून पायाचा अंगठा न्याहाळत होता. आपली ही जीभ उपटून घराजवळच्या जामबागेच्या कोपऱ्यावर टांगावी, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला तेवढीच करमणूक, असं त्याच्या मनात चाललं होतं.

इंग्रज गेला आणि अंबाजीची थट्टा झाली. त्याचं गाव हिंदुस्थानात गेलं, बहीण निजामाच्या राज्यात राहिली. भाचीच्या, जयवंताच्या लग्नाला निघालेला मामा नाक्यावर परदेशी ठरला. कशाला चाललास, असं तिथल्या शिपायानं विचारल्यावर हा ऐटीत म्हणाला, शहर बघायला. शिपायानं शहर बघण्यापुरती चिठ्ठी दिली, माघातल्या पुनवेपर्यंतची. अंबाजीनं शहरातला एक चारमिनार बघितला, तोही खालून. बाकीचा वेळ वऱ्हाडासाठी बाजा विणण्यात गेला.

मग नवऱ्या मुलाचा आजा वारला. सुतक आलं, लग्न फाल्गुनात गेलं. चिठ्ठी मात्र पुनवेलाच संपणार होती. मामाशिवाय नवरीला बोहल्याकडं आणणार कोण? जयवंताला मामा एवढा एकच. म्हणून चिठ्ठी वाढवून घ्यायला अंबाजी सकाळी कचेरीत गेला होता.

तिथल्या अमीनसाहेबानं, म्हणजे फौजदारानं, चिठ्ठी बघितली आणि अजून ठहरना है क्या, म्हणून सरळ विचारलं. आता अंबाजीच्या गावात राहा म्हटलं की पाहुण्यानं आधी नको म्हणायचं असतं. मग घरधनी त्याची पिशवी दडवतो, घरधनीण पायताणं उचलून आत नेते, आणि भरपूर ओढाताण झाली की पाहुणा, तुमी काय आयकत न्हाई, असं म्हणून टेकतो. अंबाजी तर प्रत्येक भाकरीला नको म्हणायचा आणि टोपलं रिकामं झालं की थांबायचा. त्याच सवयीनं त्यानं नको म्हटलं आणि अमीन पिशवी कधी दडवतोय, याची वाट बघत उभा राहिला. अमीनानं ‘उद्या जातो’ असं लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

“आग्रव करायची रीत न्हाई तितं, ह्ये मला कुनी सांगितलं हुतं?”

“हौ म्हनायचं नि गप बसायचं,” सावित्रीबाई म्हणाली. “कायकू इतका शाना होतोस, दादा?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं नवऱ्याला सोबत पाठवलं. एकनाथराव वकिलाकडं मुनशी होते. शेरवानी चढवून ते पुढं चालले, अंबाजी मागं.

अमीनानं अंबाजीला ओळखलं.

“कल जाता बोले, आज रहता बोलते. कौनसी बात सच?”

एकनाथरावांनी स्वच्छ उर्दूत गावाकडची रीत समजावून सांगितली. कचेरीतले दोघं-तिघं कारकून मान वर करून ऐकायला लागले. अंबाजी बाजारात दात मोजून घेणाऱ्या बैलासारखा उभा होता. अमीनानं सांगितलं की लिहिलेलं खोडता येईल, पण घरवाल्यानं जामीन राहावं आणि हा पाहुणा आपल्याला हवा आहे, असं इथं तोंडानं सांगावं.

एकनाथरावांनी घसा साफ केला. शेरवानीची गुंडी काढली, परत लावली. दाजींनी आजवर त्याला राहा म्हटलेलं नव्हतं. ते काम सावित्रीचं. दाजी फक्त भाकरीच्या टोपल्याकडं बघायचे.

“रखना है हुजूर,” एकनाथराव म्हणाले. “इनके बगैर हमारी बच्ची की शादी नहीं होती.”

ते ऐकल्याबरोबर अंबाजीचं तोंड आपोआप उघडलं. कशाला उगं तरास, हे शब्द पार ओठांवर आले. एकनाथरावांनी बुटाची टाच त्याच्या बोटांवर ठेवली.

“तुम बोलो,” अमीन म्हणाला. “ठहरते?”

“ऱ्हातो,” अंबाजी म्हणाला. पहिल्याच हाकेला. बिनबोलावता परक्या मांडवात पंगतीला बसल्यागत त्याचे कान तापले.

अमीनानं कालचं खोडलं, लग्न उरकून चार दिवस वर धरले, शिक्का मारला आणि जाता जाता अदबीनं विचारलं, “चाय लेंगे?”

“जी नहीं, मेहरबानी,” एकनाथराव म्हणाले.

“घेतो की,” अंबाजी म्हणाला. तो आता शिकला होता.

अमीनाची लेखणी थांबली. कारकून एकमेकांकडं बघायला लागले. इथंसुद्धा नको ऐकायलाच विचारतात, हे अंबाजीच्या ध्यानात आलं तोवर शिपाई इराण्याकडं निघाला होता. चहा येईपर्यंत सगळे छताकडं बघत बसले.

घरी सावित्रीबाई दारातच उभी होती. शिक्का बघून तिनं चिठ्ठी देवापुढं ठेवली. जयवंता आतून मोठ्यानं हसली, तेव्हा कचेरीतला चहासुद्धा दाजींनी सांगून टाकला, हे अंबाजीला कळलं.

एकनाथरावांनी शेरवानी खुंटीला लावली आणि विणलेल्या बाजेवर अंग टाकलं. बाज मध्ये खोल गेली.

“ढिली आहे, अंबाजीराव,” ते पडल्या पडल्या म्हणाले. “आता राहिलाच आहात, तर परत ताणा.”

ते उठल्यावर अंबाजीनं पायथ्याची गाठ सोडली, बाजेच्या गात्याच्या लाकडाला पाय लावला आणि एकेक दोरी ओढायला सुरुवात केली.