शूटिंगवाला राजकुमार आणि भागवतचा आवाज

दुसरबीडच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे आणि त्याला लागूनच राजकुमारचा फोटो स्टुडिओ. मधली भिंत एका विटेची. त्यामुळे त्याच्या धंद्यातलं मला जे कळायला हवं ते कळतं आणि जे कळायला नको तेही कळतं. नाव राजकुमार असलं तरी दिसायला राजकुमाराचा काही संबंध नाही. पोट सुटलेलं, दाढी वाढलेली, लग्नसराईत डोळे कायम तांबारलेले. पंचक्रोशीत त्याला शूटिंगवाला म्हणतात. मला तो वहिनी म्हणतो आणि माझं एकही ऐकत नाही.

शूटिंगची त्याची एक खोड होती. लग्नात सगळे कॅमेरे नवरानवरीवर रोखलेले असतात, पण हा बाबा अर्धा वेळ भलतीकडेच. आचाऱ्याच्या चुलीपाशी जाईल, हात धुवायच्या टाकीपाशी जाईल, पंगतीत एकेका म्हाताऱ्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरील. मुलीचे बाप वैतागायचे. "आमच्या पैशानं साऱ्या गावाची शूटिंग करून राह्यला का बे?" असं तोंडावर विचारायचे. राजकुमार हसायचा आणि शूटिंग करतच राहायचा.

त्याला कारण होतं. मागे मनकर्णाबाई नावाची एक म्हातारी वारली. तिचा धड एक फोटो घरात नव्हता. मुलगा रडकुंडीला येऊन राजकुमारकडे आला. राजकुमारनं जुनी लग्नं उघडली आणि कुणाच्या तरी मांडवात पत्रावळीवरून पोरांना झापणारी मनकर्णाबाई शोधून काढली. तेराव्या दिवशी, तेरवीला, मांडवात टीव्ही लावून तो तुकडा दाखवला. लोक जेवायचे थांबले. म्हातारी अगदी अशीच होती, म्हणाले. तेव्हापासून आमच्या भागात रीतच पडली. माणूस गेलं की आधी नातेवाइकांना फोन, मग राजकुमारला. ज्यांच्या घरी कधी कॅमेरा आला नाही अशी माणसंही दुसऱ्याच्या लग्नाच्या कोपऱ्यात कुठेतरी सापडायचीच. मला हे काम फार आवडायचं. त्याला तसं कधी बोलले नाही, नाहीतर तो आणखी शेफारला असता.

आता त्याची दुसरी बाजू. त्याच्या संगणकात विकत घेतलेली अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे संगणक. व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर फुकटचं, अल्बमची डिझाइन फुकटची, गाणी तर फुकटचीच. मोबाइलवर शूटिंगवाल्यांचा एक ग्रुप होता. कुणीतरी लिंक टाकायचा, बाकीचे उतरवून घ्यायचे. सोबत सूचना यायची, आधी अँटीव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा. म्हणजे चोराला आत घ्यायचं म्हणून राखणदाराला सुट्टी द्यायची. मी त्याला हे कितीदा बोलले असेन. "वहिनी, साऱ्या जिल्ह्यात कोणाकडं ओरिजनल हाये ते दाखवा," असं म्हणून तो मला गप्प करायचा. माझ्या दुकानातला संगणकही काही सोवळा नाही, त्यामुळे मला फार बोलता यायचं नाही.

गंमत म्हणजे शेजारच्या बीबी गावच्या एका शूटिंगवाल्यानं राजकुमारची हळदीची क्लिप उचलून स्वतःचं नाव टाकून फिरवली, तेव्हा याचा तिळपापड झाला. मोटारसायकल काढून बीबीला भांडायला गेला. मेहनत माझी आणि नाव त्याचं, म्हणून मला दिवसभर ऐकवत होता. ज्या सॉफ्टवेअरवर ती क्लिप बनवली ते कुणाच्या मेहनतीचं, असं मी विचारलं, तर दोन दिवस बोलला नाही.

फावल्या वेळात तो लोकांना पेनड्राइव्हमध्ये सिनेमे भरून द्यायचा. ट्रॅक्टरवाले, पिकअपवाले, नवे सिनेमे हवेत म्हणून यायचे. येताना घरातला सापडेल तो पेनड्राइव्ह आणायचे, आणि तो बहुतेक वेळा लग्नाचाच असायचा. राजकुमार विचारायचा, "ह्याच्यात लग्न हाये, पुसू का?" समोरचा म्हणायचा, "पुस ना. तुह्याकडं हायेच की." आणि राजकुमार पुसायचा, कारण त्याच्याकडे खरंच होतं. जुनी लग्नं कपाटातल्या हार्डडिस्कवर, नवी संगणकात. आमच्या भागानं आपली सगळी लग्नं अशी एका माणसाच्या कपाटात ठेवली होती.

मागच्या उन्हाळ्यात भागवत गेला. हा गोजरबाईचा एकुलता एक मुलगा. बीबीकडून लग्न आटोपून येत होता, रस्त्यात ट्रकनं उडवलं. पस्तिशी गाठली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं. कोरडवाहू तुकडा आणि पत्र्याचं घर, मुलगी कोण देणार? पण दुसऱ्याच्या लग्नात भागवत नाही असं कधी झालं नाही. पंगतीत वाढायला तो सगळ्यात पुढे. वरणाची बादली घेऊन असा खणखणीत ओरडायचा की वऱ्हाडातल्या पाहुण्यांना वाटायचं हाच मुलीचा भाऊ. नको म्हणणाऱ्याला मुलीच्या बापाची शपथ घालायचा. त्याच्याकडून न वाढून घेता पानावरून उठलेला माणूस मी पाहिला नाही.

त्याचा मोबाइल त्याच्याबरोबरच चिरडला गेला होता. गोजरबाईनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करायला राजकुमारकडे दिला. मी तिथेच होते. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"हा माहा भागवत नाई," ती म्हणाली. "असा आखडून तो कधी बसला का कोठं?"

"मावशी, फोटोचं राहू दे," राजकुमार म्हणाला. "भागवत तं माह्याकडं ढिगानं हाये. ज्या लग्नात पायशीन त्या लग्नात हाये. तेरवीले दाखवतो तुले."

"बोलते का त्याच्यात?"

"बोलते म्हणजे? वरडते."

"मंग मले तेवढं बोलणं आयकव बाप्पा. बाकी काही नाई पायजे."

राजकुमार कामाला लागला. भिंतीपलीकडून मला दिवसभर बँड ऐकू यायचा आणि मधूनच भागवतचा आवाज. अडचण तिथेच होती. पंगत बसायची तेव्हा शेजारी बँड वाजत असायचा, नाहीतर मुलींचा नाच चाललेला असायचा. भागवत ओरडायचा, पण शब्द नीट कळायचे नाहीत. राजकुमारला ते पटेना. म्हातारीला नुसता गलका ऐकवायचा का, असं तो मलाच चिडून विचारायचा. मग ग्रुपवर त्यानं विचारलं, आणि कुणीतरी लिंक टाकली. बँडचा आवाज बाजूला काढून माणसाचा आवाज तेवढा ठेवणारं सॉफ्टवेअर. विकत घ्यायचं तर महाग, इथे फुकट.

त्यानं ते उतरवून घेतलं. सूचनेप्रमाणे अँटीव्हायरस बंद केला. आणि एरवी जे तो कधीच करत नसे ते त्या दिवशी केलं. कपाटातल्या सगळ्या हार्डडिस्क काढल्या आणि एकदम संगणकाला जोडल्या. का, तर एकाही लग्नातला भागवत सुटायला नको. मशीन चालू ठेवून तो एका हळदीच्या शूटिंगला निघून गेला.

सकाळी मी दुकान उघडत होते, तेव्हा तो दारात उभा होता. "वहिनी, जरा येता का? इंग्रजीत काहीतरी आलं."

मी जाऊन पाहिलं. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलंतरी लांबलचक शेपूट लागलं होतं. एकही लग्न उघडत नव्हतं. मध्यभागी एक चिठ्ठी होती, ती मी त्याला वाचून दाखवली. तुझ्या सगळ्या फाइलींना आम्ही कुलूप लावलं आहे, किल्ली हवी असेल तर इंटरनेटवरच्या अमुक चलनात पैसे पाठव. तो खुर्चीवर बसला. एकेक डिस्क उघडून बघत राहिला. मी थांब म्हटलं तरी थांबेना.

आम्ही सगळ्या डिस्क पिशवीत घालून चिखलीला नजीरभाईंकडे गेलो. संगणक दुरुस्तीत आमच्याकडे त्यांचं नाव आहे. दुपारपर्यंत त्यांनी खटपट केली. काही जुन्या कुलपांच्या किल्ल्या भल्या माणसांनी इंटरनेटवर फुकट ठेवल्या आहेत म्हणे, त्या सगळ्या लावून पाहिल्या. मग चष्मा काढून ठेवला.

"राजूभाऊ, हे नवं कुलूप हाये. माह्याच्यानं उघडत नाई, अन् कोणाच्यानं उघडन असं वाटत नाई."

"पैसे देले तं?"

"देऊन बसलेले पायले मी. किल्ली आली नाई. डिस्क फेकू नको, ठेव. पुढं कधी किल्ली निघालीच तं पायता येईन." डिस्क परत पिशवीत घालताना म्हणाले, "पोलिसात तक्रार दे."

"अन् ते इचारतीन, सॉफ्टवेअर कोठून आणलं. मंग काय सांगू?"

परत येताना एसटीत राजकुमार पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो रडत होता आणि मला त्याचा इतका राग आला होता की मी त्याला रड नको असंही म्हटलं नाही.

तेरवीला त्यानं लाइट गेल्याचं निमित्त सांगितलं. पुढे गोजरबाई स्टुडिओत येऊन बसायला लागली. काम चालू हाये मावशी, असं हा सांगायचा. शेवटी मी आत गेले आणि म्हटलं, खरं सांग तिला, नाहीतर मी सांगते. मग त्यानं सांगितलं.

"कोणं चोरलं?" गोजरबाईनं विचारलं.

"चोरलं नाई मावशी. इथंच हाये. ह्या डब्यात हाये. उघडत नाई."

"मंग उघड ना."

राजकुमारनं एक हार्डडिस्क तिच्यापुढे सरकवली. तिनं ती उचलली, उलटीपालटी केली, कानाशी नेली आणि परत ठेवली. "एवढ्याशा डब्यात भागवत हाये म्हणतो," ती माझ्याकडे बघून म्हणाली.

त्यानंतर राजकुमार घरोघर फिरला. ज्यांची ज्यांची लग्नं त्यानं शूट केली होती त्यांच्याकडे पेनड्राइव्ह मागत गेला. एकेक पेनड्राइव्ह आणायचा आणि संगणकाला लावायचा. सिनेमा, दुसऱ्यात सिनेमा, तिसऱ्यात गाणी. त्याच्याच हातानं भरलेली. मी भिंतीपलीकडे बसून ऐकायचे. कुठलाही सिनेमा सुरू झाला की लगेच बंद व्हायचा.

गावातल्या गुलाबरावांच्या मुलीच्या लग्नाचा पेनड्राइव्ह तेवढा वाचला होता. तिनं तो माहेरच्या कपाटात साड्यांखाली जपून ठेवला होता. राजकुमारनं मला बोलावलं, गोजरबाईला निरोप पाठवला. तिघं पडद्यासमोर बसलो. लग्न पुढे पुढे सरकलं, अक्षता पडल्या, पंगत आली. आणि भागवत आला. हातात बादली, खांद्यावर गमछा, घामानं चेहरा चमकत होता. कॅमेऱ्याकडे बघून तो हसला आणि तोंड उघडून काहीतरी म्हणाला.

आवाज आला तो एका सिनेमातल्या गाण्याचा. पंगतीचा गोंगाट लोकांना आवडत नाही म्हणून राजकुमार त्या भागावर नेहमी गाणं चढवत असे. खालचा मूळ आवाज काढूनच टाकत असे. आवाजासकट मूळ शूटिंग कुलूप लागलेल्या डिस्कमध्ये अडकली होती. पडद्यावर भागवत हातवारे करून कुणालातरी आग्रह करत होता, आणि कुणी बाई प्रेमाचं गाणं म्हणत होती.

"बोलून राह्यला ना तो," गोजरबाई म्हणाली. "काय म्हणते?"

राजकुमारनं तोंड फिरवलं. मी तिला सांगितलं, भागवतचा आवाज यात नाही. तिनं मान हलवली आणि पुन्हा लाव म्हणाली. तिच्यासाठी राजकुमारनं आपल्या एका जुन्या मोबाइलमध्ये तो तुकडा भरला, कुठे बोट लावायचं ते शिकवलं. तिनं मोबाइल पदराला पुसला आणि चोळीत ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

राजकुमारनं स्टुडिओ बंद केला नाही. बंद करून खाणार काय? आता तो नवरानवरीचीच शूटिंग करतो. कुणी मेलं आणि घरचे विचारायला आले की नाही म्हणतो, का ते सांगत नाही. काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं. सिनेमे भरून देणं त्यानं बंद केलं, तर लोक बीबीला जायला लागले. ग्रुपवर त्यानं सगळा प्रकार लिहिला होता. त्याखाली दोघा-तिघांनी हात जोडलेली चित्रं टाकली आणि लगेच कुणीतरी नवी लिंक टाकली.

दिवाळीनंतर एके दुपारी गोजरबाई आली. मी राजकुमारकडेच चहा घेत बसले होते. तिनं तो मोबाइल काढून राजकुमारपुढे धरला.

"हे घे बाप्पा तुह्यं."

"काऊन मावशी? बिघडला का?"

"बिघडला नाई. चांगला हाये." ती उभीच होती. "भाकर टाकतानी, झाडतानी, भागवतचा आवाज यायचा माह्या कानात. रोज यायचा. मायले हाका मारे. आता डोये मिटले का त्याचं तोंड हालते, अन् त्याच्यातून ते गाणं येते. मी लय आठोन पायलं. मले आता त्याचा आवाज आठोतच नाई, राजू."

राजकुमारनं हात पुढे केला नाही. तिनं मोबाइल काउंटरवर ठेवला, पदर सावरला आणि रस्ता ओलांडून घराकडे गेली.