इटालियन क्रियापदं आणि माझी फूटपट्टी

मला इटालियन येत नाही. मुलीला इटालियन शिकवताना ही गोष्ट माझ्या कधी आड आली नाही.

ऋचाला शेतकीचं पुढचं शिक्षण इटलीत घ्यायचं होतं. प्रवेशासाठी ऑनलाइन तोंडी परीक्षा होती. क्रियापदांची रूपं तोडायची आणि नेमक्या तुकड्यावर जोर देऊन म्हणायची. मी मिरजगावात तीस वर्षं मराठी शिकवलेलं. लघु-गुरू पाडण्यात माझा हात धरणारा कोणी नाही (धरायला कोणी आलंही नाही). "तोडायचं काम माझ्याकडे," मी जाहीर केलं.

"तुमी इटलीला कधी गेल्ता?" बायकोनं विचारलं.

"वृत्तं शिकवायला कुठल्या गावाला गेलो होतो?"

पहिलंच रूप आलं पार-ला-नो, म्हणजे 'ते बोलतात'. मी 'ला'वर जोर दिला. मोबाईलवरच्या धड्यातली बाई 'पार'वर द्यायची.

"बाबा, ती इटालियन आहे."

"असेल. पाया कच्चा आहे तिचा."

तीन दिवस भांडून मी मोठ्या मनानं माघार घेतली. जोर बाईंचा, पण ठोका माझा! ऋचा रूप म्हणायची आणि जोराच्या जागी मी टेबलावर फूटपट्टी हाणायचो. दोन महिन्यांत पोरीला इतकी सवय झाली, की ठोक्याशिवाय तिच्या तोंडून क्रियापद निघेना. हे आम्हाला कळलं ऐन परीक्षेत.

खोलीत दुसरं कोणी नको, असा नियम होता. मी दाराला कान लावून बाहेर. परीक्षक बाईंनी विचारलं. आत शांतता. पुन्हा विचारलं, तरी शांतताच. मी फूटपट्टी उचलली.

"तिचं तिला करू द्या की," बायको कुजबुजली.

मी दारावर फूटपट्टी हाणली. आतून ताबडतोब उत्तर आलं! मग काय, पाचव्या क्रियापदापर्यंत माझा हात चांगलाच बसला (बायकोनं तोवर कपाळाला हात लावला होता).

बाईंनी आवाजाबद्दल विचारलं. "शेजारी सुतारकाम चाललंय," ऋचा म्हणाली.

त्यांनी दार उघडून दाखवायला सांगितलं. दार उघडलं. लॅपटॉपमधून चष्मेवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या आणि माझी फूटपट्टी हवेत होती. मी त्यांना नमस्कार केला. परीक्षा रद्द झाली.

ऋचा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खूप विनवण्या केल्यावर महिन्याभरानं तिला दुसरी संधी मिळाली. त्या दिवशी बायकोनं मला पहाटेच्या एसटीत बसवून श्रीगोंद्याला माझ्या बहिणीकडे धाडलं.

महिनाभर ठोक्याशिवाय सराव केलेली ऋचा या वेळी झटक्यात पास झाली. पेढे वाटताना मी गावभर सांगितलं, की पोरीच्या यशात माझा मोठा वाटा आहे. परीक्षेच्या वेळी मी घरात नव्हतो.