क्रेनवाल्या बुवाचे उपास

रामकिसन क्रेनची शिडी चढायला लागला की खालची चार माणसं त्याला हात जोडायची. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, देशभरातून आलेली हजारो माणसं तिथे राबत होती, आणि त्या सगळ्यांत ‘बुवा’ म्हणून नाव झालं ते एकट्या रामकिसनचं. त्याने ते मागितलं नव्हतं. त्याचं देवाकडे मागणं अगदी साधं होतं. सकाळी आठला वर चढल्यावर दुपारी चारपर्यंत पोटानं गप्प राहावं, एवढंच.

तो परळीकडचा. क्रेन शिकला एका धरणाच्या कामावर, आणि पोटाचं दुखणंही तिथलंच. आठ दिवसांत बरं होईल म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागे. कळ आली की दम धरायला सवड नसे. कधी आव पडे, कधी नुसतं रक्त. गावच्या वैद्याने संग्रहणी म्हणून पुड्या दिल्या. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून जखमा आहेत, गोळ्यांनी दबतील, पण जायच्या नाहीत. “हे दुखणं जन्माचं आहे, सांभाळून राहायचं. खाली बसून करायचं काहीतरी काम बघा,” ते म्हणाले. रामकिसनने मान डोलावली. क्रेनशिवाय त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि ही गोष्ट ठेकेदाराच्या फोरमनला कळली तर क्रेन हातची जाणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

क्रेनची शिडी साठ पायऱ्यांची. वर पत्र्याचा पिंजरा, आत दांडे आणि एक लाकडी फळी. लोखंड हवेत लटकतंय, खाली माणसं उभी आहेत, अशा वेळी क्रेनवाल्याला जागचं हलता येत नाही. कामावर लागून महिना झाला नाही तोच व्हायचं ते झालं. वरच, विजारीत. त्याने लोखंड नीट खाली टेकवलं, सुटी झाल्यावर सगळे निघून जाईपर्यंत वरच बसून राहिला, आणि मग समुद्रात कमरेइतक्या पाण्यात उभा राहून रडला. बत्तीस वर्षांचा बाप्या.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाआधी काही खाईनासा झाला. पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय येणार, हा त्याचा हिशेब. डॉक्टरांनी ऐकला असता तर कपाळावर हात मारून घेतला असता, पण तो चालला. कळा यायच्या, पण रिकाम्या कळा दातओठ खाऊन सोसता येतात. संध्याकाळी घरी आल्यावर तो थोडा ताकभात खाई, आणि रात्र काय ती पोटाच्या हवाली करी.

खालून हाताने खुणा करणारा खलाशी होता शिवाजी, त्याच्याच मुलखातला. त्याने सोमवारी भाकरी पुढे केली तेव्हा रामकिसन म्हणाला, “उपास हाय.” मंगळवारी म्हणाला, देवीचा. गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. बुधवार-शुक्रवारलाही कोणी ना कोणी देव सापडला. “रविवारी तेवढे समदे देव सुटीवर दिसतात,” शिवाजी एकदा म्हणाला, कारण रविवारी काम बंद असे आणि बुवा दुपारी चांगला जेवे. पण ही थट्टाही हळूहळू विरली. असल्या उन्हात सहा-सहा दिवस निरंकार करणारा माणूस म्हणजे साधासुधा नव्हे. बुवाच्या क्रेनखाली भीती नाही, असं लोक म्हणू लागले. रामकिसनला लाज वाटे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. 

सहासष्टच्या दिवाळीनंतर त्याने बायकोला गावाहून आणलं. किनाऱ्यावरच्या एका मांगेला कोळ्यांच्या गावात, आनंदी नावाच्या म्हाताऱ्या कोळणीच्या पडवीला लागून त्याची भाड्याची खोली होती. इंदुबाईने आल्या आल्या सुक्या मासळीच्या वासाने नाकाला पदर लावला आणि आनंदी खो खो हसली. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पदरात मूल नव्हतं. सासरी तिला कोणी ओटी भरायला बोलवत नसे. तिने ते सगळं गिळलं होतं, आणि तरी ती हसरी होती.

उपासांची गोष्ट तिला शिवाजीकडून कळली. त्या संध्याकाळी तिने विचारलं, “अवो, एवढे उपास कशापायी धरलेत?”

तेव्हा सांगायला हवं होतं. बायकोच ती, परकी नव्हे. पण रक्ताच्या जुलाबाची गोष्ट आठ वर्षांच्या वांझोट्या संसारात बायकोला कशी सांगायची? ती म्हणेल, दोष माझा नाही, तुमच्या रोगाचा. असला काहीतरी भेकड विचार त्याच्या मनात आला असावा. तो म्हणाला, “तुज्यासाठीच. तुजी कूस उजवावी म्हणून वैजनाथाला बोललोय.”

इंदुबाई चुलीपुढे बसल्या जागी रडू लागली. तिच्यासाठी आजवर कोणी एक वेळचं जेवण सोडलं नव्हतं.

आणि माघ सरता सरता तिला दिवस गेले.

आता याला काय म्हणायचं? इंदुबाई म्हणाली, वैजनाथ पावला. शिवाजीने कामावर पेढे वाटले. रामकिसनला इतका आनंद झाला की दोन दिवस पोटही दुखलं नाही. तिसऱ्या दिवशी इंदुबाईनेही सकाळची भाकरी बाजूला सारली.

“तू कशाला? देव पावला न्हवं. नवस फिटला,” तो म्हणाला.

“फिटला तर तुमी का खाईना?”

तो उठून वहाणा शोधू लागला.

“तुमी त्या तापल्या पत्र्यात उपाशी, अन् मी सावलीला बसून खाऊ? लेकरू दोघांचं हाय, नवसबी दोघांचा. पदरात पडंस्तोवर सोडायचा न्हाई.”

मग तीही संध्याकाळी, त्याच्यामागून जेवू लागली. तोच ताकभात, तोही त्याच्याहून कमी. आनंदी रोज तोंडाचा पट्टा सोडायची. “दोन जिवांची हायस गो बाय. पोटातल्याला काय उपास ठावं हाय?” इंदुबाई हसून पाण्याची घागर उचलायची.

रामकिसन दगड नव्हता. पाचवा महिना लागला तशी तिची नखं पांढरी पडलेली त्याला दिसली. एका सकाळी तो मुद्दाम तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, “वाढ. आजपासून दोघंबी खाऊ.” तिने भाकरी वाढली, पिठलं वाढलं. दोघं एका ताटात जेवली. इंदुबाई अधाशासारखी जेवली आणि मग जेवली म्हणून लाजली. तेवढी एक सकाळ त्यांच्या संसारात सोन्याची.

दहाच्या सुमारास, सळयांचा भारा हवेत असताना, त्याच्या पोटात पहिली कळ उठली. दुसऱ्या कळेला हात दांड्यावरून घसरला. भारा झोक्यासारखा वळला आणि शिवाजी उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. फोरमन खालून ओरडला, “फिर ऐसा हुआ तो नीचे उतार दूँगा!”

घरी आल्यावर इंदुबाईने त्याचा उतरलेला चेहरा पाहिला. काय झालं ते त्याने सांगितलं, पण का झालं ते नाही. ते तिने आपल्या मनाने जुळवलं. “नवस मोडला म्हणून झालं का वो हे?”

खरं सांगायची ही दुसरी वेळ. तो थकला होता, घाबरला होता, आणि उद्या पुन्हा वर चढायचं होतं. तो म्हणाला, “आसंल.”

एवढंच. त्या एका शब्दाने इंदुबाईच्या तोंडचा घास गेला. त्यानंतर त्याने कितीदा सांगितलं, तू खा, मी धरतो दोघांचे उपास, तरी ती ऐकेना. खरं सांगितल्याशिवाय ती ऐकणार नाही हे त्याला कळत होतं. एक अवजड टाकी जागेवर चढवायची होती, ती चढली की फोरमन त्याला कायम करणार होता. तेवढं होऊ दे, मग सांगू, असं तो रोज शिडीवर स्वतःशी म्हणे.

टाकी श्रावणात चढली. पावसाने उघडीप दिली होती. टाकी हवेत असताना फाटकाकडून आनंदीचा भाऊ धावत आला आणि शिवाजीच्या कानाशी लागला. वरून रामकिसनला ते दिसलं. शिवाजीने मान वर केली नाही, हाताच्या खुणा तेवढ्या बरोबर करत राहिला. टाकी जागेवर बसायला पाऊण तास लागला. मग शिवाजीने वर बघितलं, आणि रामकिसन साठ पायऱ्या कशा उतरला ते त्याला आठवत नाही.

मुलगी होती. सातव्यातच झाली, रडली नाही. सुईण म्हणाली, आईच्याच अंगात रक्त नाही तर लेकराच्या कुठून येणार. रामकिसनने तिला फडक्यात गुंडाळून सुरूच्या झाडांखाली पुरलं. फोरमनने त्याला चार दिवसांची सुटी दिली, आणि कायम केल्याचं सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी इंदुबाई भिंतीला टेकून बसली होती. आनंदीने आणून ठेवलेल्या पेजेला तिने हात लावला नव्हता. ती हळूच म्हणाली, “एक सांगू? मारू नका.”

त्याने तिला कधीच मारलं नव्हतं.

“माज्या हातनं झालं. गेल्या सोमवारी आनंदीबायनं बोंबलाचं कालवण अन् तांदळाची भाकरी दिली. लई डोहाळा लागला होता. मी खाल्लं. सरावणी सोमवारी, देवाच्या वारी, मासळी खाल्ली.” ती त्याच्याकडे बघत नव्हती. “नवस मोडला की काय हुतं ते त्या सळयांच्या भाऱ्यानं सांगितलं होतं, तरीबी मी खाल्लं. मीच माजी पोर खाल्ली.”

रामकिसनला वाटलं, धरणी दुभंगावी. एक शब्द न बोलता त्याची झाकली मूठ जन्मभर झाकली राहिली असती. ती रडली असती, स्वतःला शिव्या देत जगली असती, आणि तो बुवा राहिला असता.

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. “इंदे, नवस नव्हताच,” तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. जखमा, रक्त, विजार, समुद्र, पालघरचे डॉक्टर. गोळ्यांची बाटली ट्रंकेच्या तळातून काढून तिच्यासमोर ठेवली. “तुजा काई दोष न्हाई. देव कशावर रागावला न्हाई. मला कामावर हगवण लागंल म्हणून मी जेवत नव्हतो.”

इंदुबाईने बाटली उचलली, बघितली, परत ठेवली. मग म्हणाली, “दुखत होतं, तर मला का सांगितलं न्हाई? मी धुतली असती तुमची विजार.”

तो रडू लागला.

“मग माजं लेकरू,” ती म्हणाली, “कशापायी उपाशी राहिलं?”

तिने पेजेचं भांडं पुढे ओढलं आणि खायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिने भांडं खाली ठेवलं नाही, पार तळ पुसून खाल्लं.

पाचव्या दिवशी रामकिसन कामावर गेला. खालच्या माणसांनी हात जोडले आणि त्याने मान फिरवली. क्रेनवर तो पुढे कितीतरी वर्षं राहिला, उपाशीपोटीच. इंदुबाईने त्याच्या गोळ्या सांभाळल्या, रोज रात्री ताकभात कालवला, विजारी धुतल्या, आणि कधी टोचून बोलली नाही. पण ती रोज सकाळी, त्याच्या देखत, त्याच्या आधी जेवायची.